आधी शेपूट

विमान घरी बांधायला घेणाऱ्या माणसाकडे पहिलं खोकं येतं ते शेपटाचं. इंजिन नाही, पंख नाहीत, बसायची जागा नाही. खोकं उघडलं की निळ्या प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, कागदात गुंडाळलेल्या रिब म्हणजे आतल्या फासळ्या आणि नंबर टाकलेल्या खाकी पिशव्यांमध्ये मूठ-मूठ रिवेट. बघायला जमलेल्या शेजाऱ्यांचा हिरमोड होतो. तरी पत्र्याची बहुतेक किट-विमानं याच खोक्यापासून सुरू होतात, आणि त्यामागे रोकडा व्यवहार आहे. शेपटाचं किट सगळ्यांत स्वस्त. गॅरेजात सहज मावतं. पुढे पंखांत आणि धडात जे जे करायचं, ते सगळं इथे लहान प्रमाणावर करून होतं. एखादा भाग बिघडला तर तेवढाच मागवता येतो. आणि हे काम आपल्या पिंडाचं नाही असं ज्याला दोन महिन्यांत कळतं, त्याचं नुकसानही शेपटावरच भागतं. अमेरिकेत अर्धवट सोडलेली शेपटं नेहमी विकायला निघतात. घेणारा जाणता असला तर आधी रिवेट बघतो, मग किंमत विचारतो.

हे पुस्तक तेवढ्या शेपटाचं आहे. लेखक माझा भाचा. ओरेगनमध्ये राहतो, पोटापाण्यासाठी संगणकाचं काम करतो आणि बायकोच्या साथीने गॅरेजात आरव्ही-७ जातीचं दोन आसनी विमान बांधतो आहे. दिवसभर इंग्रजीत काम झालं की रात्री वहीत मराठीत नोंदी करायच्या, ही त्याची सवय. त्या नोंदींचं हे पुस्तक झालं. प्रस्तावना मी लिहावी असा त्याचा हट्ट होता, कारण माझी सारी नोकरी पत्र्यात गेली. बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात शीट मेटलच्या खात्यात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. रिवेट मला नवे नाहीत. फरक एवढाच, की बसचा रिवेट सैल झाला तर ती खडखडते आणि पुढच्या आगारापर्यंत तरी जाते.

आरव्ही विमानं ओरेगनमधल्याच अरोरा गावच्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीची. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन या इंजिनिअरने स्वतःसाठी बांधलेलं एकासनी आरव्ही-३ १९७१ मध्ये उडालं. ते पाहून लोक त्याच्याकडे नकाशे मागू लागले आणि त्यातून धंदा उभा राहिला. आज या घराण्यातली अकरा हजारांहून जास्त विमानं उडून झाली आहेत. सुरुवातीच्या गड्यांना सांगाडा सरळ राहावा म्हणून लाकडाची किंवा लोखंडाची चौकट आधी उभारावी लागे आणि प्रत्येक भोक स्वतः आखून पाडावं लागे. आरव्ही-७ च्या पिढीपासून पत्र्यांतली भोकं कारखान्यातच संगणकाच्या हुकमाने पाडून येतात. रिबचं भोक पत्र्याच्या भोकावर आलं की भाग आपोआप जागेवर. नवख्याला वाटतं, मग आपल्याला काय उरलं? उरतं ते सगळं. भोक जागेवर आहे म्हणजे भोक चांगलं आहे असं नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकात ते विखुरलेलं आहे. अमेरिकेच्या विमान-कायद्यात हौशी बांधणीची वेगळी सोय आहे. विमानाच्या कामाचा मोठा हिस्सा माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेला असला पाहिजे. बोलीत याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. म्हणून हे लोक रिवेट मारता मारता फोटो काढत असतात. तपासनीस आला की वही आणि फोटो पुढे ठेवायचे. विमानात शिरायच्या जागी किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत ‘एक्सपेरिमेंटल’ असं लिहावं लागतं आणि बरोबर बसणाऱ्याला तसं सांगावंही लागतं. बदल्यात बांधणाऱ्याला आपल्या विमानाची दर वर्षाची तपासणी स्वतः करून स्वतः सही करायचा दाखला मिळू शकतो. ज्याने रिवेट मारला तोच पुढे त्याच्या खाली सही करतो. आमच्या कारखान्यात मारणारा वेगळा, तपासणारा वेगळा आणि दोघांचं सहसा पटत नसे. ती व्यवस्था जास्त सुरक्षित होती असं मला वाटायचं. आता इतकी खात्री राहिली नाही.

आता रिवेट. विमानाचा पत्रा असतो २०२४-टी३ या मिश्रधातूचा. त्यात तांबं असतं आणि त्याची ताकद उष्णतेची प्रक्रिया करून आणलेली असते. वेल्डिंगची ज्योत लावली की ती ताकद गेली, वर सांध्याला चिरा पडण्याची भीती. म्हणून रिवेट. किटात येतात ते २११७ या जरा मऊ मिश्रधातूचे, आणि डोक्याच्या मधोमध बारीकसा खड्डा असतो ही त्यांची खूण. ते जसे पिशवीतून निघतात तसे मारता येतात. याहून कडक जातीचे रिवेट आधी भट्टीत तापवून, विझवून, वापरेपर्यंत थंडगार ठेवावे लागतात. मोठ्या विमान-कारखान्यांत त्यासाठी फ्रीज असतात. घरातल्या फ्रीजवर ती वेळ येत नाही ही किट बनवणाऱ्यांची कृपा.

शेपटात दोनच मापं जास्त करून भेटतात: ३/३२ इंची आणि १/८ इंची. पत्र्यावर बाहेरून दिसतात ते चपट्या डोक्याचे, पत्र्याशी सपाट बसणारे. आत स्पारच्या, म्हणजे मुख्य तुळईच्या, जोडांत गोल डोक्याचे. एक डोकं कारखान्यातून येतं, दुसरं आपण ठोकून घडवायचं. या घडवलेल्या डोक्याची रुंदी दांड्याच्या दीडपट आणि उंची निम्मी हवी. म्हणजे ३/३२ च्या रिवेटला रुंदी साधारण ३.६ मिलिमीटर, उंची १.२. ठोकताना दांडा आखूड होतो, फुगतो आणि भोक गच्च भरतो. दोन पत्रे एकमेकांवरून सरकू पाहतात तेव्हा त्यांना अडवतो तो हा फुगलेला दांडा. म्हणून भोक वाकडं, दातेरी किंवा सैल असेल तर वरून कितीही सुबक डोकं बसवा, रिवेट कामाचा नाही.

भाच्याच्या वहीची निम्मी पानं भोकांवर आहेत. प्रकाशकाला ती जास्त वाटली होती, मी म्हटलं एक ओळ कापू नका. कामाचा क्रम असा. भाग तात्पुरते जोडायचे, भोकं शेवटच्या मापाला ड्रिल करायची, सगळं पुन्हा उलगडायचं, प्रत्येक भोकाची दोन्ही तोंडं आणि प्रत्येक पत्र्याच्या कडा गुळगुळीत करायच्या, डिंपल पाडायचे, प्रायमर लावायचा, आणि मग कुठे खरी जोडणी. तात्पुरत्या जोडणीला क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या खिळ्या असतात, ३/३२ ला रुपेरी, १/८ ला तांबडी. पूर्ण क्लेको लावलेला आडवा स्टॅबिलायझर, म्हणजे शेपटाचा आडवा पंख, टेबलावर साळिंदरासारखा दिसतो, आणि फोटो सगळे त्याचेच काढतात. कानस मारत बसलेल्या माणसाचा फोटो कोणी काढत नाही. वास्तविक तासांचा हिशेब केला तर शेपूट बांधणं म्हणजे मुख्यतः घासणं. ड्रिल बाहेर पडताना भोकाच्या काठावर जी बारीक कूस राहते ती दोन पत्र्यांच्या मध्ये सापडली तर पत्रे एकमेकांना टेकतच नाहीत, आणि रिवेटचा दांडा त्या फटीत फुगून बसतो. शिवाय भोकाच्या काठावरचा प्रत्येक ओरखडा ही पुढे कधीतरी चीर सुरू व्हायची जागा.

डिंपलचंही तेच. चपट्या डोक्याचा रिवेट पत्र्याशी सपाट बसायचा तर डोक्याला खळगा हवा. जाड पत्र्यात तो खळगा कोरता येतो. पातळ पत्र्यात कोरायला गेलं तर काठाला धातूच उरत नाही, सुरीच्या पात्यासारखी धार राहते. म्हणून पातळ पत्रा कोरायचा नाही, साच्यात दाबून त्याला १०० अंशांची खळी पाडायची. पुस्तकात हे सांगायला भाच्याने एक सुबक आकृती काढली आहे, मी त्याला एक प्रसंग जोडतो. २८ एप्रिल १९८८ ला हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं पुढचं छप्पर हवेत असताना उडून गेलं आणि एक हवाई सेविका मरण पावली. विमान जुनं, समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत छोटी छोटी उड्डाणं करणारं. पत्र्यांच्या सांध्याला लावलेला चिकट थर सुटला होता आणि भार रिवेटांवर आला होता. ती भोकं अशीच धारदार कोरलेली होती. प्रत्येक धारेशी एक बारीक चीर, आणि एक दिवस त्या चिरा एकमेकींना जाऊन मिळाल्या.

अगदी अलीकडचं उदाहरण खुद्द व्हॅन्सचंच आहे. मागणी वाढली तेव्हा कंपनीने काही भाग पंचाऐवजी लेझरने कापून घेतले. लेझरच्या भोकाचा काठ वेगळा असतो, आणि काही भागांना डिंपल पाडताना तिथे बारीक चिरा दिसू लागल्या. २०२३ मध्ये गॅरेजागॅरेजांतून हे कळत गेलं, किती भाग बदलून द्यायचे यावर गोंधळ माजला, आणि इतर अडचणींची भर पडून त्या डिसेंबरात कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली, किमती वाढवून. हजारो विमानं आकाशात धाडणारी कंपनी अडखळली ती भोकाच्या काठावर, हे मला आमच्या खात्यातल्या प्रत्येक पोराला सांगावंसं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे होतो तेव्हा आडव्या स्टॅबिलायझरवर पत्रा चढवणं चाललं होतं. मागचा स्पार सगळ्यांत शेवटी बसवतात, म्हणून तोवर मागून हात आत घालता येतो. भाचा बाहेरून न्युमॅटिक गन धरून, भाचेसून मागून खांद्यापर्यंत हात आत घालून. तिच्या मुठीत टंगस्टनचा छोटा ठोकळा. टंगस्टन पोलादाच्या दुपटीहून जड, त्यामुळे लहानशा जागेत मावूनही गनचा मार झेलतो. तिला आतलं काही दिसत नव्हतं. रिवेटची शेपटी बोटाने चाचपायची, ठोकळ्याचं तोंड तिच्यावर सपाट टेकवायचं, आणि हाक द्यायची.

“मामा, कान झाका हं. हे डबडं फार वाजतं.”

“धरलंस?” भाच्याने विचारलं.

“थांब जरा... हं, मार.”

ट्रर्र. अर्धा सेकंदही नसेल.

“अजून थोडा.”

ट्रर्.

“बास, बास. पुढचा.”

तिने हात बाहेर काढला, आरसा आणि बॅटरी आत घातली, बघितलं, आणि मान डोलवली. मी डोकं मोजायला गेज मागितलं तेव्हा तिने थोडं रागानेच ते माझ्या हातात दिलं. डोकं बरोबर होतं.

यात नियम एकच, पण तो अंगात भिनावा लागतो. सुरू करताना आधी ठोकळा टेकायचा, मग गन वाजवायची. थांबताना आधी गन, मग ठोकळा. उलटं झालं की आतून आधार नसलेल्या पत्र्यावर गन आदळते आणि कायमचा पोचा पडतो. गन डोक्यावरून घसरली तर पत्र्यावर चंद्रकोरीसारखा वळ उठतो, त्याला ही मंडळी ‘स्मायली’ म्हणतात. कारखान्यात गोंगाटामुळे हाका ऐकू येत नसत, म्हणून ठोकळेवाला पत्र्यावर टिचकी द्यायचा: एक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे झाला, तीन म्हणजे बिघडला, काढून टाक. लोक गनवाल्याला कारागीर समजतात. आमच्याकडे उलट होतं. नवा पोरगा गनवर जायचा आणि मुरलेला माणूस ठोकळ्यावर, कारण रिवेट घडतो तो ठोकळ्याच्या बाजूला. मुरलेल्याला आवाजावरूनही कळतं. डोकं बसत आलं की गनचा सूर बदलतो, जरा भरीव होतो. हे पुस्तकात लिहून समजत नाही, भाच्याने तरी प्रयत्न केला आहे.

जिथे हाताने दाबता येईल तिथे गन न वापरणं शहाणपणाचं. काठाजवळचे रिवेट चिमट्यासारख्या स्क्वीझरने निमूट दाबले जातात, घरातली मुलं जागी होत नाहीत. रडर आणि एलेव्हेटर या शेपटाच्या हलत्या भागांचे पत्रे तर इतके पातळ, रडरचा अवघा ०.०१६ इंच म्हणजे ०.४ मिलिमीटर, की आतल्या बळकटीच्या पट्ट्या उलट पद्धतीने मारतात. टेबलात बसवलेल्या पोलादी पाटीवर रिवेटचं कारखान्यातलं डोकं पालथं टेकवायचं आणि गन शेपटीच्या बाजूने चालवायची. पत्रा बाहेरून आरशासारखा राहतो. फक्त दर वेळी खात्री करायची की रिवेटखाली पाटी आहे. सरकत सरकत पत्रा पाटीच्या बाहेर गेला आणि खाली नुसतं लाकूड उरलं, की पत्रा गेलाच.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, ज्यासाठी मी ही प्रस्तावना लिहायचं कबूल केलं. शेपटाने शिकवायची खरी गोष्ट म्हणजे कुठे अडून बसायचं आणि कुठे सोडून द्यायचं. आपल्याकडे दोन टोकांची माणसं असतात. एकाला सगळंच चालतंय, दुसऱ्याला काहीच चालत नाही. पहिल्याने विमान बांधू नये हे उघड आहे. दुसऱ्यानेही बांधू नये, हे पुस्तक वाचून मला पटलं.

कारण बिघडलेला रिवेट काढणं हेच मोठं जोखमीचं काम. डोक्यातल्या खड्ड्यावर ड्रिल नेमकं टेकवून डोक्यापुरतंच भोक पाडायचं, डोकं उडवायचं, आतला दांडा हलकेच ठोकून किंवा ओढून काढायचा. जरा तिरकं गेलं की भोक लांबट होतं. मग मोठ्या दांड्याचा पण लहान डोक्याचा एक खास रिवेट मिळतो, त्याला तिकडे ‘ऊप्स रिवेट’ म्हणतात, तो घालायचा. तोही बिघडला तर काठापर्यंतचं अंतर कमी पडायला लागतं. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या काठापर्यंत रिवेटच्या जाडीच्या दुप्पट जागा हवी असते. एका किंचित तिरक्या डोक्यापायी माणूस चांगली रिब फेकून द्यायच्या पायरीला येतो. किट बनवणारेही सांगतात की थोडा उणा पडलेला रिवेट तसाच ठेवणं हे तो काढून भोक बिघडवण्यापेक्षा बऱ्याचदा बरं. गेज याचसाठी असतं. डोळ्याला जो रिवेट रडवा वाटतो तो गेजमध्ये पुष्कळदा पास होतो. डोळ्याला सुबकपणा हवा असतो, गेजला रुंदी आणि उंची पुरे. भाच्याने पहिल्या प्रकरणातले रिवेट ज्या तळमळीने काढले आहेत ते वाचून मला त्याला फोन करावासा वाटला, आणि केलाही.

अडून बसायची जागा वेगळी असते. १२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सचं जंबो जेट टोकियोहून उडालं आणि थोड्याच वेळात शेपटातली दाब अडवणारी भिंत फुटली. केबिनमधली हवा शेपटात घुसली, उभ्या पंखाचा मोठा भाग तुटून गेला, हायड्रॉलिकच्या चारही नळ्या रिकाम्या झाल्या. ५२० माणसं गेली, चार वाचली. सात वर्षांपूर्वी ओसाकाला उतरताना त्याच विमानाची शेपूट धावपट्टीला घासली होती आणि ही भिंत दुरुस्त केली गेली होती. त्या दुरुस्तीत जोडपट्टी अखंड हवी होती. ती दोन तुकड्यांत कापून बसवली, आणि जिथे रिवेटांच्या दोन ओळींनी भार घ्यायचा तिथे तो एकाच ओळीवर आला. त्या ओळीतला एकेक रिवेट गेजने मोजला असता तर बहुधा पास झाला असता. नकाशात सांगितलेली पट्टी, ओळी, अंतर, भोकाचा काठ, कोणता रिवेट कोणत्या धातूचा, इथे तडजोड नाही. डोक्याच्या देखणेपणावर झोप घालवायची गरज नाही. हा फरक ज्याच्या हातात शेपूट संपेपर्यंत आला, त्याने पंखाचं किट मागवायला हरकत नाही.

एक जागा मात्र अशी आहे की तिथे देखणेपणा आणि सुरक्षितता एकच. रडरची मागची कड. दोन्ही बाजूंचे पत्रे तिथे एका पाचरीसारख्या पट्टीवर भेटतात आणि दोन्हीकडून सपाट डोकं दिसेल असे रिवेट बसतात. प्रत्येक रिवेट धातूला किंचित ताणतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने मारत गेलात तर तो ताण साठत जातो आणि कड धनुष्यासारखी वाकते. वाकडी कड म्हणजे सरळ न उडणारं विमान, आणि सतत पायाने दाबून धरावा लागणारा रडर. म्हणून पट्टी आधी सीलंटने चिकटवायची, सगळं सरळ लोखंडी अँगलला क्लेकोंनी बांधून सुकू द्यायचं, आणि मग रिवेट विखरून मारायचे, एक इथे, एक तिकडे, मधले मागाहून. याच रडर-एलेव्हेटरच्या पुढच्या टोकाला शिशाचं वजन असतं, भागाचा तोल बिजागरीवर राहावा म्हणून. तोल बिघडला तर वेगात हे भाग फडफडू लागतात आणि काही क्षणांत तुटू शकतात. म्हणून रंग देताना तो मागे किती चढला, हेही बघावं लागतं. पुस्तकातलं हे प्रकरण सगळ्यांत चांगलं उतरलंय. वाचकाने इथून सुरुवात केली तरी चालेल.

सपाट रिवेटचा इतिहास पुस्तकात नाही. १९३० च्या दशकात विमानांचा वेग वाढला तसे गोल डोक्यांचे हजारो फोड हवेला अडवू लागले आणि अमेरिकेतला प्रत्येक कारखाना आपापल्या परीने डोकं पत्र्यात बुडवायला लागला. डोक्याचा कोन एकाचा एक, दुसऱ्याचा दुसरा. बरीच वर्षं घोळ चालला आणि अखेर १०० अंशांवर सगळे आले. स्टॅनफर्डचे वॉल्टर व्हिन्सेंटी, मूळचे विमान-इंजिनिअर आणि पुढे तंत्रज्ञानाचे इतिहासकार, यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात या एका विषयाला पूर्ण प्रकरण दिलं आहे. त्यांना त्यात कोणी एक शोधकर्ता सापडला नाही. ज्ञान शॉप फ्लोअरवर, साचे करणाऱ्या आणि पत्रा दाबणाऱ्या माणसांच्या हातून जमत गेलं. ते वाचलं तेव्हा मला आमच्या खात्यातले जुने मिस्त्री आठवले. त्यांच्या युक्त्या कुठल्याही ड्रॉइंगवर नव्हत्या.

मराठी वाचकाला घरी बांधलेलं विमान म्हटलं की कांदिवली आठवेल. पायलट अमोल यादव यांनी तिथल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मुंबईकरांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. ते किट नव्हतं, आराखडा त्यांचा स्वतःचा. म्हणजे काम किटाच्या कितीतरी पट अवघड, आणि कागदपत्रांचा डोंगर वेगळाच. या पुस्तकातल्या जोडप्याला भोक आयतं मिळतं, नियम आयते मिळतात आणि अडलं तर गावातला हौशी वैमानिकांच्या संघटनेचा अनुभवी सल्लागार फुकट येऊन शेपूट बघून जातो. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या ईएए या संघटनेची ही पद्धत मला किटाहून मोलाची वाटते. आपल्याकडे असे सल्लागार मिळणार नाहीत असं मात्र नाही. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा मिग विमानांचा कारखाना १९६० च्या दशकात उभा राहिला. तिथे आयुष्यभर रिवेट मारून निवृत्त झालेली माणसं त्या पंचक्रोशीत आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे पुस्तक वाचून चुका काढत पत्र लिहिलं, तर पुढच्या आवृत्तीत ते जसंच्या तसं छापावं अशी माझी लेखकाला सूचना आहे.

शेवटी मतभेदाचा एक मुद्दा. प्रायमर. विमानाच्या पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो, तो गंजापासून सांभाळतो. त्यावर आतून सगळीकडे प्रायमर मारायचा का, फक्त पत्रे एकमेकांवर येतात तिथे, की मुळीच नाही, यावरून किट बांधणाऱ्यांत जुनी भांडणं आहेत. भाच्याने एकूण एक भाग दोन्ही बाजूंनी रंगवला आहे आणि त्याचं समर्थन करणारं लांबलचक प्रकरण लिहिलं आहे. माझं मत, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उघड्यावर उभं राहणारं विमान असेल तर रंगवा. हँगरात झाकून ठेवणार असाल तर सांध्यांपुरता लावा, उरलेलं वजन आणि उरलेले शनिवार वाचवा. मी हस्तलिखिताच्या समासात हे सविस्तर लिहिलं होतं. त्याने त्यातलं एक वाक्य ठेवलं, तेही तळटीपेत, आणि त्याखाली स्वतःचं उत्तर जोडलं.